फेडलेलं कर्ज पुन्हा उभं राहतं: घरगुती कर्जफेडीतला बिघाड शोधण्याचा क्रम

हप्ते वेळेवर जातात, घरात उधळपट्टी नाही, तरी वर्षअखेरीस देण्याची बेरीज जवळपास तेवढीच राहते. किंवा वर्षभर पोटाला चिमटा काढून क्रेडिट कार्ड कोरं केलं जातं आणि आठ-दहा महिन्यांत ते पुन्हा भरतं. मोठ्या घरगुती कर्जात हाच बिघाड सतत दिसतो. घरातली माणसं त्यासाठी स्वतःला दोष देतात, पण दोष बहुतेक वेळा योजनेच्या हिशोबात असतो. योजना चांगल्या महिन्यावर बेतलेली असते, आणि पहिला वाईट महिना येताच ती मोडते.

आधी लक्षणं, मग तपासण्या. सुरुवातीच्या तपासण्यांना एक संध्याकाळ आणि कागद-पेन पुरतं. शेवटच्या तपासण्यांना वेळ, पैसा आणि जाणकाराचा सल्ला लागतो. क्रम मोडू नका. बरेच जण थेट शेवटच्या उपायावर, म्हणजे सगळी देणी मिटवायला एक नवं मोठं कर्ज काढण्यावर येतात. गळती तशीच राहिलेली असते, त्यामुळे दोन वर्षांत नवं कर्जही असतं आणि जुनी कार्डंही पुन्हा भरलेली असतात.

खालचे आकडे कोणत्याही चलनात समजा. प्रमाण सगळीकडे तेच राहतं.

लक्षणं

- कार्डाच्या बिलावर दर वेळी फक्त किमान देय रक्कम भरली जाते.
- एका कार्डावरून उचल करून दुसऱ्याचं बिल भागवलं जातं.
- पगार जमा झाल्यावर आठवड्याभरात खातं तळाला जातं आणि उरलेला महिना कार्डावर किंवा हातउसन्यावर निघतो.
- खात्यात पैसे येणार असतात, पण दोन दिवस उशिरा. तोवर हप्ता बाऊन्स झालेला असतो.
- गृहकर्जाची उरलेली मुदत गेल्या वर्षीपेक्षा वाढलेली दिसते.
- "अचानक" आलेला खर्च दर वर्षी साधारण त्याच महिन्यात येतो.
- एकूण देणं किती, असं विचारलं की नवरा एक आकडा सांगतो आणि बायको दुसरा.

शेवटचं लक्षण असेल तर बाकी काहीही करण्याआधी पहिली तपासणी करा. तो आकडा जुळल्याशिवाय पुढचा कोणताही हिशोब खरा नसतो.

तपासणी १: एका कागदावर सगळी देणी

खर्च शून्य, वेळ दोन तास. प्रत्येक देण्यासाठी या गोष्टी लिहा: कोणाचं, आजची शिल्लक, वार्षिक व्याजदर, दर स्थिर की बदलता, हप्ता, हप्त्याची तारीख, उरलेले हप्ते, तारण काय, जामीनदार कोण, उशिराचा दंड किती, मुदतीआधी फेडल्यास शुल्क किती.

शिल्लक अंदाजाने लिहू नका. ज्याचं कर्ज आहे त्याच्याकडून "आज पूर्ण फेडायचं तर किती" हा आकडा मागा. त्यात साचलेलं व्याज, दंड आणि कर्ज बंद करण्याचं शुल्क धरलेलं असतं, म्हणून तो स्टेटमेंटवरच्या मुद्दलापेक्षा बहुधा जास्त निघतो.

यादीतून नेहमी सुटणारी देणी ठरलेली आहेत: नातेवाइकांचे बिनव्याजी पैसे, पगारातून परस्पर कापली जाणारी उचल, मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून घेतलेले छोटे हप्ते, "बिनव्याजी" म्हणून घेतलेल्या वस्तूंचे उरलेले हप्ते, आणि दुसऱ्याच्या कर्जाला दिलेली जामिनकी. जामिनकी आज देणं नसली तरी कागदावर वेगळी नोंदवाच. मूळ कर्जदार थकला की वसुली तुमच्या दारात येते.

घरात एकाने दुसऱ्यापासून लपवलेलं देणं असेल तर ते याच बैठकीत बाहेर आलं पाहिजे. ही संध्याकाळ अवघड जाते, हे खरं आहे. भांडणाचा धोका वाटत असेल तर त्या दिवशी फक्त आकडे लिहायचे, का आणि कशासाठी ते विचारायचं नाही, एवढं आधी ठरवून बसा. लपलेलं देणं योजनेबाहेर राहिलं तर त्याचा हप्ता कुठल्यातरी दुसऱ्या हप्त्यातून गुपचूप जातो, आणि योजना का बिघडते हे कोणालाच कळत नाही.

तपासणी २: व्याजाचा मीटर

प्रत्येक देण्यासमोर शिल्लक × वार्षिक दर ÷ १२ हा आकडा लिहा. त्या महिन्यात काहीही न करता वाढणारं हे देणं आहे. बेरीज करा आणि महिन्याला एकूण जेवढं भरता त्यातून वजा करा. उरतं तेवढंच मुद्दल कमी होतं. त्यातून त्याच महिन्यात कार्डावर केलेली आणि बिलातून पूर्ण न फिटलेली नवी खरेदीही वजा करा. बऱ्याच घरांत इथे उत्तर शून्याच्या आसपास येतं, आणि वर्षअखेरीस देण्याची बेरीज तेवढीच का राहते याचा उलगडा होतो.

किमान देय रकमेचा सापळा याच हिशोबात दिसतो. कार्डावर १,००,००० शिल्लक आहे, व्याज महिन्याला ३ टक्के आणि किमान रक्कम शिलकीच्या ५ टक्के धरू. पहिल्या महिन्याचं बिल १,०३,००० होतं, किमान रक्कम ५,१५०. पुढच्या महिन्यात शिल्लक घटते, म्हणून किमान रक्कमही घटते. एकही नवी खरेदी न करता असं भरत राहिलात तर शिल्लक निम्मी व्हायला सुमारे ३२ महिने लागतात आणि १०,००० वर यायला जवळजवळ ९ वर्षं. पण पहिल्या महिन्यात भरलेले ५,१५० धरून ठेवले आणि दर महिन्याला तेवढेच भरले, तर तेच कार्ड ३० महिन्यांत पूर्ण कोरं होतं. सुरुवातीचा भार तोच, फक्त रक्कम खाली येऊ द्यायची नाही. या पूर्ण यादीतला सर्वांत स्वस्त उपाय हाच आहे. आजच खात्याला तेवढ्या ठरावीक रकमेची कायमची सूचना द्या.

दुसरी चूक दर वाचण्यात होते. "फ्लॅट १० टक्के" म्हणजे १० टक्के नव्हे. फ्लॅट पद्धतीत व्याज संपूर्ण मुदतभर मूळ रकमेवर लागतं, मुद्दल फिटत आलं तरीही. १,००,००० तीन वर्षांसाठी फ्लॅट १० टक्क्यांनी घेतले तर व्याज ३०,००० आणि हप्ता ३,६११. घटत्या शिलकीच्या पद्धतीत मोजलं तर हा दर सुमारे १७.९ टक्के पडतो. महिन्याच्या दराने दिलेल्या कर्जाचंही तसंच. महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटतो, पण चक्रवाढीने तो वर्षाला ४२.६ टक्के होतो; महिना ५ टक्के म्हणजे ७९.६ टक्के. यादीतले सगळे दर एकाच मापात आणल्याशिवाय कोणतं देणं महाग हे ठरवता येत नाही.

गृहकर्जाची मुदत वाढल्याचं लक्षण असेल तर बदलता दर तपासा. १०,००,००० चं कर्ज ९ टक्क्यांनी २० वर्षांसाठी असेल तर हप्ता ८,९९७ येतो. पहिल्या महिन्यात त्यातले ७,५०० व्याजात जातात आणि मुद्दल फक्त १,४९७ ने कमी होतं. सुरुवातीच्याच काळात दर ११ टक्क्यांवर गेला आणि हप्ता तोच ठेवला, तर महिन्याचं व्याज ९,१६७ होतं, म्हणजे हप्त्यापेक्षा जास्त. हप्ते भरूनही कर्ज वाढत राहतं. दर वाढल्याचं पत्र आलं की हप्ता वाढवला की मुदत, हे विचारून घ्या, आणि झेपेल तेवढा हप्ता वाढवून मागा.

तपासणी ३: तारखा

ही पाच मिनिटांची तपासणी आहे, पण तिने वाचणारा दंड मोठा असतो. पगाराची तारीख आणि हप्त्यांच्या तारखा एका ओळीत मांडा. हप्ता पगाराच्या दोन दिवस आधी असेल तर तो कधी ना कधी बाऊन्स होणारच. मग बहुतेक ठिकाणी दुहेरी शुल्क लागतं: बँक वेगळं लावते, कर्ज देणारा वेगळं, आणि पतनोंदीत, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या इतिहासात, उशिराचा शेरा बसतो तो निराळाच. हप्त्याची तारीख बदलून मिळावी असा अर्ज करा. पगारानंतर तीन ते पाच दिवसांची तारीख घ्या, नेमकी पगाराचीच घेऊ नका. सुट्टी आली की पगारही सरकतो.

हप्त्यांसाठी वेगळं खातं ठेवणं आणखी बरं. पगार आला की हप्त्यांची पूर्ण बेरीज त्या खात्यात टाका आणि त्याचं डेबिट कार्ड घरी ठेवा.

तपासणी ४: नवं कर्ज बंद आहे का

कार्डावर मागची शिल्लक असेल तर बहुतेक कार्डांवर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. खरेदीच्या दिवसापासून व्याज सुरू होतं. "महिन्याची खरेदी कार्डावर करू, पॉइंट मिळतील, बिल आलं की भरू" हा हिशोब तिथे चालत नाही. कार्डं घरात बंद ठेवा, मोबाइलमध्ये आणि खरेदीच्या अ‍ॅपमध्ये साठवलेले कार्डाचे तपशील काढून टाका, आणि कार्डावरची मर्यादा कमी करून मागा. एखाद्या कार्डावरून आपोआप जाणारी वर्गणी किंवा बिलं आधी खात्यावर वळवा, नाहीतर कार्ड कोरं होतच नाही.

सगळी कार्डं एका झटक्यात रद्द करण्याची घाई नको. आधी वापर थांबवा. शिल्लक शून्य झाली की एक ठेवून बाकीची लेखी बंद करा.

तपासणी ५: वर्षाचे खर्च महिन्यात आणा

फेडलेलं कर्ज पुन्हा का उभं राहतं, याचं उत्तर मला सर्वांत जास्त वेळा इथेच सापडलेलं आहे, म्हणून इथे घाई करू नका.

गेल्या १२ महिन्यांची खात्याची आणि कार्डाची स्टेटमेंट काढा. दर महिन्याला न येणारा प्रत्येक खर्च वेगळा लिहा: विम्याचे हप्ते, शाळा-कॉलेजच्या फी, गाडीची सर्व्हिसिंग आणि टायर, घराचा कर, दात आणि डोळ्यांचे खर्च, औषधोपचार, बिघडलेली यंत्रं, प्रवास, समारंभ आणि भेटी. बेरीज करून १२ ने भागा. समजा वर्षाला ८४,००० आले, तर महिन्याला ७,०००. हा तुमचा पहिला हप्ता. कोणत्याही कर्जाला जादा पैसे देण्याआधी तो वेगळ्या खात्यात गेला पाहिजे.

लोक इथे हटकून एक चूक करतात. हे ७,००० "उरलेले" समजून कार्डावर जादा भरतात. तीन-चार महिने शिल्लक झरझर उतरते आणि उत्साह वाढतो. मग फी भरायची वेळ येते, हातात काही नसतं, आणि कार्ड पुन्हा बाहेर येतं. गणिताच्या दृष्टीने फारसं नुकसान झालेलं नसतं, पण घरातली माणसं खचतात आणि योजना सोडून देतात. खरं नुकसान त्या सोडण्याने होतं.

या खात्याशिवाय एक छोटी उशी हवी, खरोखर अचानक येणाऱ्या खर्चासाठी. एक महिन्याचा अत्यावश्यक खर्च एवढी पुरे. महाग कर्ज डोक्यावर असताना सहा महिन्यांची गंगाजळी जमवत बसू नका. बचतीवर मिळणारं व्याज कार्डावरच्या व्याजाच्या जवळपासही येत नाही. महाग कर्ज संपलं की मग ती वाढवा.

तपासणी ६: योजना सर्वांत वाईट महिन्यावर उभी आहे का

गेल्या १२ महिन्यांतलं हातात आलेलं सर्वांत कमी उत्पन्न शोधा. सरासरी नको. ओव्हरटाइम, कमिशन, बोनस धरू नका. योजना या आकड्यावर बसली पाहिजे.

एका घराचा हिशोब मांडू. उत्पन्न एरवी ८०,०००, पण सर्वांत कमी महिना ७०,०००. देणी अशी:

- कार्ड: १,२०,०००, दर ३६ टक्के (महिना ३ टक्के, चक्रवाढ न धरता), महिन्याचं व्याज ३,६००
- वैयक्तिक कर्ज: २,४०,०००, दर १८ टक्के, व्याज ३,६००, हप्ता १०,०००
- गाडीचं कर्ज: ३,००,०००, दर १२ टक्के, व्याज ३,०००, हप्ता १०,०००
- नातेवाइकाचे: ६०,०००, बिनव्याजी

एकूण ७,२०,०००, आणि मीटर महिन्याला १०,२०० ने फिरतो. आता ७०,००० मधून अत्यावश्यक खर्च ३४,०००, वर्षाच्या खर्चांचे ७,०००, दोन हप्ते २०,००० काढले की ९,००० उरतात. ते पूर्ण कार्डावर. अठराव्या महिन्यात कार्ड संपतं. मोकळे झालेले ९,००० वैयक्तिक कर्जाच्या हप्त्यात मिळवा, म्हणजे महिन्याला १९,०००. ते चोविसाव्या महिन्यात संपतं, एरवी तीस लागले असते. आता २९,००० गाडीच्या कर्जावर. ते अठ्ठाविसाव्या महिन्यात संपतं. शेवटी नातेवाइकाचे. साधारण ३१ महिन्यांत सगळं कोरं, आणि एकाही महिन्यात ७०,००० पेक्षा जास्त उत्पन्न धरलेलं नाही.

चांगल्या महिन्यांत येणारे वरचे १०,००० आधी उशीत टाका. उशी भरली की त्यातला मोठा भाग चालू लक्ष्याच्या कर्जावर आणि थोडा घराच्या मोकळ्या खर्चाला द्या. मोकळ्या खर्चाला शून्य ठेवलेली योजना मी कधी वर्षभर टिकलेली पाहिलेली नाही. ३१ महिने हा लांबचा पल्ला आहे, घरात मुलं असतात, माणसं थकतात.

नातेवाइकाला मात्र आज फोन करा आणि तारीख सांगा. बिनव्याजी देणं शेवटी ठेवणं हिशोबाला धरून आहे, पण न सांगता ठेवलं तर नातं तुटतं, आणि नाराज नातेवाईक मध्येच पूर्ण रक्कम मागून योजना उलथवू शकतो.

हिशोबात कार्डासाठी काहीच उरलं नाही, किंवा उत्तर उणे आलं, तर क्रम बदलून काही साधणार नाही. तपासणी ९ कडे जा.

तपासणी ७: आधी कोणतं

सर्वांआधी अशी देणी जी थकली तर छप्पर, वीज किंवा कामाचं साधन जातं: भाडं, गृहकर्ज, वीज-पाणी, कर, आणि गाडीवर पोट असेल तर गाडीचा हप्ता. हे कधीच थकू द्यायचे नाहीत, त्यांचा दर कमी असला तरी. वसुलीवाल्यांचा फोन कोणाचा जास्त येतो यावर क्रम ठरवू नका. सर्वांत जास्त ओरडणारं देणं बहुधा विनातारण असतं आणि थेट घर घेऊन जाऊ शकत नाही.

उरलेल्यांत जास्त दराचं आधी. एकूण व्याज यानेच सर्वांत कमी होतं. याला एक अपवाद ठेवा. सर्वांत महाग देणं संपायला वर्षाहून जास्त लागणार असेल आणि एखादं छोटं देणं दोन-तीन महिन्यांत मिटत असेल, तर ते आधी मिटवा. त्याचा हप्ता मोकळा होतो आणि यादीतली एक ओळ खोडली जाते. व्याजाचा तोटा क्वचितच मोठा असतो.

तपासणी ८: जादा पैसे मुद्दलात जातात का

जादा रक्कम भरली आणि काहीच हललं नाही, अशी तक्रार असेल तर स्टेटमेंटमध्ये ती कुठे जमा झाली ते बघा. बऱ्याच ठिकाणी आलेला पैसा आधी शुल्कात, मग व्याजात, शेवटी मुद्दलात वळतो. काही ठिकाणी जादा रक्कम पुढच्या महिन्याचा आगाऊ हप्ता म्हणून ठेवली जाते, आणि व्याज तसंच चालू राहतं. रक्कम भरताना "मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी" असं लेखी द्या आणि पुढच्या स्टेटमेंटवर पडताळा.

मुदत कमी करण्याचा आग्रह का? वरच्याच १०,००,००० च्या गृहकर्जात दर महिन्याला १,००० जादा मुद्दलात गेले तर २४० ऐवजी १८६ हप्त्यांत ते संपतं. पण कार्ड शिल्लक असताना हे करू नका. ९ टक्क्यांचं कर्ज लवकर फेडायला ३६ टक्क्यांचं थांबवणं म्हणजे तोटाच.

तपासणी ९: कर्ज देणाऱ्याशी बोलणं

अनेक जण हप्ता चुकल्यावर बोलतात. चुकण्याआधी बोला. अजून थकबाकी नसलेल्या ग्राहकाला जास्त पर्याय मिळतात. हातात तपासणी ६ चा कागद ठेवा आणि नेमकं मागा: दर कमी करा, मुदत वाढवून हप्ता इतका करा, दंड माफ करा, किंवा कार्डाची शिल्लक कमी दराच्या हप्त्यांत बदलून द्या. जेवढा हप्ता झेपतो तेवढाच कबूल करा. फोनवर दडपणाखाली कबूल केलेला मोठा हप्ता दुसऱ्याच महिन्यात मोडतो, आणि पुढच्या बोलणीत तुमच्या शब्दाला वजन राहत नाही.

जे ठरेल ते लेखी घ्या. हप्ते काही महिने थांबवण्याची सवलत मिळाली तर त्या काळात व्याज चालू राहतं का, हे विचारा; बहुधा राहतं आणि मुद्दलात मिसळतं. काही रक्कम सोडून मिटवण्याचा, म्हणजे सेटलमेंटचा, प्रस्ताव आला तर पतनोंदीत ते कर्ज "पूर्ण फेडलं" असं दिसत नाही, "तडजोड" असं दिसतं, आणि पुढे गृहकर्ज मिळवताना ते आडवं येतं. नाइलाज असेल तर जरूर करा, पण लेखी पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

तपासणी १०: सगळं एकत्र करणारं नवं कर्ज

तपासणी ४ आणि ५ मध्ये किमान तीन महिने टिकलात तरच इथे या.

कमी हप्त्याला भुलू नका. ३,००,००० चं देणं १८ टक्क्यांनी ३६ महिने उरलं असेल तर हप्ता १०,८४६ आणि उरलेलं व्याज सुमारे ९०,४००. तेच १२ टक्क्यांनी ८४ महिन्यांसाठी घेतलं तर हप्ता ५,२९६ वर येतो, पण एकूण व्याज सुमारे १,४४,८०० होतं. दर एक तृतीयांशाने उतरला तरी ५४,००० च्या वर जास्त गेले. याउलट नवं कर्ज १२ टक्क्यांनी घेऊन जुनाच १०,८४६ चा हप्ता चालू ठेवला तर ३३ महिन्यांत ते संपतं आणि व्याज ५३,००० च्या आसपास राहतं. म्हणजे एकत्रीकरण तेव्हाच करा जेव्हा दर खरोखर कमी आहे, प्रक्रिया शुल्क धरूनही फायदा उरतो, मुदतीआधी फेडायला दंड नाही आणि हप्ता तुम्ही खाली आणणार नाही.

विनातारण कर्ज फेडायला घर तारण ठेवण्याआधी थांबा. कार्ड थकलं तर फोन, नोटिसा, फार तर कोर्ट. घर तारण ठेवून थकलं तर घर जातं. दर कमी असण्याचं कारणच ते आहे.

कुठे थांबून जाणकाराला बोलवायचं

पुढीलपैकी एक जरी गोष्ट असेल तर स्वतः हिशोब करत बसू नका:

- व्याजाचा मीटरच तुमच्या भरण्याच्या ताकदीपेक्षा मोठा आहे, किंवा हप्ते हातात येणाऱ्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त आहेत आणि विकण्याजोगं काही नाही. नफा न घेणाऱ्या कर्ज सल्लागार संस्थेकडे जा.
- कोर्टाची किंवा वकिलाची नोटीस, जप्तीचं पत्र, घराच्या तारणावर कारवाईची सूचना आली आहे. वकील गाठा. नोटिशीत उत्तराची मुदत असते. ती उलटली की बाजू मांडण्याची संधी जाऊ शकते. पाकीट न उघडता ठेवणं सर्वांत महाग पडतं.
- निवृत्तीची बचत मोडून किंवा घर विकून कर्ज फेडण्याचा विचार आहे. कर सल्लागाराला विचारल्याशिवाय सही करू नका. निवृत्तीच्या काही बचतींना काही ठिकाणी कर्ज देणाऱ्यांपासून कायद्याचं संरक्षण असतं, आणि ती मोडली की ते संरक्षण जातं.
- सावकार किंवा वसुलीचे लोक धमक्या देतात, फोटो पसरवतात, घरी येऊन अडवतात. निरोप आणि कॉलच्या नोंदी जपा आणि पोलिसांकडे जा. देणं असणं हा धमकीचा परवाना नव्हे.
- कर्जामागे जुगार, ऑनलाइन सट्टा किंवा व्यसन आहे. वरच्या सगळ्या तपासण्या अचूक केल्या तरी पैसे त्याच वाटेने जातील. आधी उपचार, आणि तोवर खात्यांचा ताबा घरातल्या दुसऱ्या माणसाकडे.
- कर्जापायी झोप उडाली आहे, जगणं नको वाटतं. हिशोब बाजूला ठेवा, आजच घरातल्या कोणाला तरी सांगा, डॉक्टरकडे किंवा मदतवाहिनीकडे जा. कर्जाला कायदेशीर वाटा असतात, दिवाळखोरीसुद्धा त्यातलीच एक आहे.

जाणकार निवडताना एक खूण लक्षात ठेवा. जो आधी मोठी फी मागतो, "सगळे हप्ते बंद करा, पैसे आमच्याकडे द्या, आम्ही मिटवतो" म्हणतो आणि पतनोंद धुऊन देण्याची हमी देतो, त्याच्याकडून उठून या. तो मिटवेपर्यंत दंड आणि व्याज तुमच्याच नावावर चढत असतं.

भेटीला जाताना तपासणी १ ची यादी, १२ महिन्यांची स्टेटमेंट, सर्व कर्जांचे करार, आलेल्या नोटिसा पाकिटांसकट, उत्पन्नाचे पुरावे आणि तपासणी ५ ची वर्षाच्या खर्चांची बेरीज सोबत न्या. पाकिटावरची तारीख नोटीस कधी मिळाली याचा पुरावा असते, म्हणून पाकिटं फेकू नका.